उसनं तबक

हैदराबादच्या कॉलेजचा वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, गरिबाच्याच पोराला मिळायचा, म्हणून गोजरबाईच्या पोरानं अर्ज केल्यावर निजाम सरकारचा महसूल तपासनीस, गिरदावर, तिचं घर तपासायला आला. तिनं त्याच्यापुढं चांदीच्या तबकात विडा ठेवला. सरकारी माणसाला पितळीत कसं द्यावं, म्हणून ते उत्तमराव देशमुखांकडून उसनं आणलं होतं. गिरदावरानं विडा चघळत लिहिलं, ‘घरात चांदी. वजीफा नामंजूर.’ “उसनं हाय, साहेब!” “मला शिकवू नको.” धुमसत ती तबक परत करायला गेली, तर गिरदावर तिथंच! देशमुखांच्या पोराचाही अर्ज होता. उत्तमराव फाटक्या सतरंजीवर बसून गरिबी सांगत होते. तिनं तबक दाणकन आपटलं. “लिवा साहेब, हे ह्यांचं हाय!” उत्तमराव दचकले. “माझ्याकडं कुठली चांदी? तुझंच असंल ते.” गोजरबाईनं तबक पदराखाली घेतलं. “व्हय मालक, माझंच. साहेबांनीबी तसंच लिवलंय.” आणि तिनं सरळ सोनाराच्या दुकानाची वाट धरली.