पक्कं काम

खाडीच्या मधोमध होडीचं इंजिन तापून बंद पडलं. छातीत कळ आल्यामुळे बाबा फळीवर आडवे पडले होते, आणि इस्पितळ पार पलीकडच्या काठाला.

गार राहायला हे इंजिन होडीच्या तळातून खाडीचं पाणी ओढून घेतं. आज थेंबसुद्धा येत नव्हता. लेकाने पंप खोलला, तर आतली रबरी चक्री शाबूत. नळी काढून फुंकली, तीही मोकळी. हात भाजले तरी त्याने पुन्हा तोच पंप खोलला.

"राजा, एवढी एक खेप ने रे," तो अक्षरशः इंजिनाच्या पाया पडला.

"जिवाला लावून घेऊ नकोस," बाबा कण्हत म्हणाले. त्यांचा जन्म गेला वल्ह्याच्या होड्यांची गळती बुजवण्यात; इंजिनाची होडी घरात पहिल्यांदाच आली होती. त्यांनी लेकाचा भाजलेला हात हातात घेतला.

"काल वाळूत ओढली होतीस ना, तेव्हा तळाला बोटभर भोक दिसलं. डांबर भरून पक्कं बुजवलंय मी. आता मी असो-नसो, तुझी होडी बुडायची नाही."