चार गल्ल्यांत ऐकू जाईल असा

मेस्त्रीने क्रूझर मोटरसायकलला तिसरा सायलेन्सर लावून बघत गाडी सुरू केली, तसे शेजारच्या टपरीवरचे चहाचे ग्लास खुळखुळले.

"वहिनी, हा चार गल्ल्यांत ऐकू जाईल," तो ओरडून म्हणाला.

"हाच बसवा. यांना शोभतो," अनुराधा म्हणाली. नवरा मिशीत हसला. बायको कधी नव्हे ती आपल्या मनातलं बोलली, असं त्याला वाटलं.

तिच्या मनात वेगळंच होतं. तिने देवळात कीर्तनाला बसलेलं त्याला खपत नसे. मागे कळलं तेव्हा त्याने तिला पट्ट्याने फोडून काढलं होतं. आता नाक्यावर सायलेन्सर घुमला, की ती बोळातून पळत त्याच्याआधी घर गाठी. पूर्वरंग पदरात पडे, कपाळाला बुक्का लागे. पुढची कथा मात्र रोज अर्धी राही.

त्या संध्याकाळी आवाज आलाच नाही. कथेत भक्ताच्या हाकेला देव धावून आला, तेव्हा तिने डोळे पुसले. आरती घेऊन ती देवाला म्हणाली, "आज तूच त्यांना अडवलंस रे बाबा."

घरी आली, तर गाडी अंगणात उभी. नवरा पायरीवर बसला होता, हातात पट्टा.

"तुझ्या उशीला बुक्का लागला होता," तो म्हणाला. "म्हणून नाक्यापासून बंद करून ढकलत आणली. म्हटलं, एक दिवस तरी हिला पुरतं ऐकू दे."

तिला आत लोटून त्याने आधी गाडी सुरू केली. चार गल्ल्यांत तेवढंच ऐकू गेलं.