छडीवरचा अंगठा

सहदेव परबांच्या चित्रात सगळं बरोबर होतं, फक्त उजवा हात सोडून.

टोपीचा कोन, पदकांचा क्रम, बटणांची चकाकी त्यांनी स्वतः तपासली. सव्वीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून ते परतले होते. उद्या गावच्या शाळेत सत्कार होता. पुतणी अनुजाने पेन्सिलीने काढलेलं हे चित्र तिथे कायमचं लागणार होतं. परब अजून गणवेशातच ओटीवरच्या खुर्चीत बसले होते.

सत्कार मंडळाचा विनीत चित्रासमोरून हलेना. "नजर बघा! समोर दुश्मन उभो आसा असांच वाटता. अनुजा, खाली लिही गो, 'रणांगणाचा वाघ'."

परबांचं लक्ष मात्र उजव्या हाताकडे होतं. चित्रासाठी विनीतनेच हौसेने आणलेली छडी मुठीत होती. पण टोक खाली आणि अंगठा वरून घट्ट दाबलेला. हा हात बोलेल, अशी त्यांना धास्ती वाटत होती. फौजेत ते स्वयंपाकी होते. गावाला त्यांनी हे कधी कळू दिलं नव्हतं. रजेवर आले तरी चुलीकडे फिरकत नसत.

विनीत हारांचं सांगायला बाजारात गेला, तसे ते म्हणाले, "तो हात खोड गो. छडी काखेत दाखव."

"तीनदा खोडलंय, काका. तुम्ही धरतास तसोच परत येता."

मागीलदारी बांगडे साफ करणारी त्यांची बायको काशीबाई ओल्या हातांनीच बाहेर आली. तिने चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही नजर दुश्मनार नाय गो. उतू जाणाऱ्या दुधार आसा. आणि ही छडी खंय? हो कालथो. तळाक लागात म्हणान ढवळतत."

अनुजा हसली आणि काकांकडे बघून थांबली.

"तुका कोणी सांगल्यान?" परबांनी विचारलं.

"तुमचे कपडे कोण धुयत होता? पयल्या रजेपासून फोडणीचो वास. बंदुकेक फोडणीचो वास येणा नाय."

"कधी बोललंस नाय."

"तुम्ही खंय बोललास?"

अनुजाच्या हातात खोडरबर तसाच होता. "काका, खोडू?"

परब चित्रातल्या हाताकडे बघत राहिले. त्यांना बर्फातली चौकी आठवली. गस्तीवरून आलेली पोरं घास घेण्याआधी गरम ताट नुसतं दोन्ही हातांनी धरून बसायची.

"नको," ते म्हणाले. "आणि वाघबिघ लिहू नको. लिही, 'बर्फातल्या चौकीवर एकशेदहा जणांना रोज गरम जेवण दिलं.'"

"आणि घरात एकदाय नाय," काशीबाई म्हणाली, आणि उरलेले बांगडे साफ करायला निघून गेली.

परब उठून चुलीकडे निघाले. जाता जाताच त्यांनी गणवेशाची बटणं सोडायला घेतली.