अक्षर बदललेला निरोप

मदतनीस पप्पूनं ससा कान धरून उचलला, आणि सशानं मागचे पाय असे झाडले, की त्याचंच पाठीचं हाड कट्‌कन मोडलं. ससा किंचाळला. ससे किंचाळतात, हे सणसवाडीच्या त्या प्रयोगशाळेत बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. अपेक्षाच्या हातातलं पातं घसरलं. रक्त फरशीवर, भिंतीवर, पप्पूच्या तोंडावर. बाटलीत मात्र थेंब नाही.

"कान धरायला ते काय शाळंतलं पोर हाय?" दारातून अनसाबाई म्हणाली. सशांना घास घालणं, पिंजरे धुणं तिच्याकडं. जन्म मेंढरांमागं गेलेला, म्हणून तर तिला कामावर घेतलेलं.

"मावशी, आता एकच उरलाय. तुम्ही धरा," अपेक्षा म्हणाली. तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या लाल झाल्या होत्या. "हाही वाया गेला, तर माझं दोन वर्षांचं काम गेलं."

"काम तरी काय म्हणायचं?"

"पेशीला निरोप धाडायचा, की अमुक प्रथिन बनव."

"आमच्यात निरोप आला म्हंजी कुणीतरी गेलेलं असतंय."

अपेक्षा हसली नाही. "साधा निरोप अंगात शिरला, की पेशी त्याला चोर समजून मारतात. म्हणून आम्ही त्याचं एक अक्षर बदललंय. आता तो घरचाच वाटेल. पण बदललेलं अक्षर वाचता येतं का, ते आधी सशाच्या रक्तात बघायचंय."

अनसाबाई शेवटचा ससा कुशीत घेऊन आली. त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि थांबली. जत्रेत देवापुढं बकरा धरला, की असंच थांबायचं. अंग थरारलं तर कौल, नाहीतर दावं सोडायचं.

ससा थरारला नाही. त्यानं तिच्या काखेत तोंड खुपसलं.

"कौल देईना ह्यो."

"मावशी, बाटलीखालचा बर्फ वितळतोय."

पप्पू बाह्या सरसावत पुढं आला. अनसाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग सशाचे पाय मुठीत घेतले.

"तू ऱ्हा तिकडंच."

पातं फिरलं. ऊन रक्त तिच्या मनगटावरून बाटलीत उतरत राहिलं, शेवटच्या थेंबापर्यंत. सशानं एकदासुद्धा पाय ओढला नाही.

"एवढा गप कसा काय बसला गं, मावशे?" पप्पूनं विचारलं.

"मी घरचीच वाटले त्याला."

तिनं नळाखाली हात धरले. पाण्याची धार पडली, आणि अनसाबाईचं सगळं अंग थरारलं.