थेट बस

“कार नको,” आई म्हणाली. “कारने गेलं की ठिकाण किती लांब आहे ते कळतच नाही.”

जेवणाच्या टेबलावर एका परक्या शहराचा नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा, दुसऱ्यावर ढब्बूचा चष्मा. ढब्बू म्हणजे तिचा मुलगा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून पडलेलं नाव. आता गालफडं बसली तरी ते सुटलं नव्हतं. दिवसभर तो लोकांच्या कवळ्या घडवायचा. स्वतःच्या तोंडून मात्र शब्द फुटायची मारामार.

आणि आता तर तो फुटायलाच हवा होता. बायकोची बदली त्या शहरात झाली होती. नवं घर दोन खोल्यांचं: एक त्या दोघांची, एक मुलीच्या अभ्यासाची. आईची सोय दुसरीकडे बघावी लागणार, एवढंच आईला सांगायचं राहिलं होतं.

“चार दिवस फिरवून आण,” बायको म्हणाली होती. “घराबाहेर माणूस जरा खुशीत असतं. तिथे सांग.”

आईला तो इतकंच म्हणाला होता, की नवं शहर दाखवतो.

“बरं, बसने जाऊ. संग्रहालय आहे, राजवाडा आहे, सगळं हॉटेलच्या जवळ.”

“ते गावातलं झालं. रोज एक बाहेरचं ठेव. सकाळी जायचं, संध्याकाळी परत.” तिने नकाशाच्या कडेकडेने बोट फिरवलं. “हा तलाव. ही टेकडी. हा काचेचा कारखाना.”

“तुला कुठून सुचतात ही ठिकाणं?”

“मी तुझ्यासारखी दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघत नसते.”

ठरलं होतं: तलाव, लाँचमधून फेरी.

झालं: तलाव. लाँच दुरुस्तीला गेली होती.

बस मात्र थेट मिळाली. हॉटेलसमोर चढले ते पाण्याच्या काठाशीच उतरले. आईने मागे वळून थांबा नीट न्याहाळला. वर छप्पर होतं, बसायला बाकही.

“नवं घर हॉटेलपासून किती लांब?”

“पुढच्याच चौकात.”

“म्हणजे तुमच्या दारातूनच बस.”

“हो,” म्हणून तो पाण्याकडे बघत राहिला.

पाय मोकळे करून येते म्हणत ती झाडीमागच्या पांढऱ्या इमारतीच्या दिशेने गेली. त्याला बरंच वाटलं. त्याने बायकोला फोन लावला.

“सांगितलंस?”

“आजच तर आलोय.”

“तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस म्हणजे झालं.”

आई परतली तेव्हा त्याने दोन चहा मागवले होते. तिने कप त्याच्याकडेच सरकवला.

“माझा झाला. तिकडे बागेत बायका बसल्या होत्या, आग्रह करकरून पाजला.”

ठरलं होतं: टेकडी, वरून दिसणारं शहर.

झालं: रेल्वे, मग बस, मग दुसरी बस, मग पायी चढण. वर पोचल्यावर धुकं. शहराचा मागमूस नाही.

“इथे कोण मरायला येणार,” ढब्बू धापा टाकत म्हणाला.

आई हसली. मग पाण्याची बाटली घेऊन एका पिवळ्या इमारतीच्या फाटकातून आत गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा बाटली रिकामीच होती.

परतीच्या थांब्यावर बसचा पत्ता नव्हता. आईने सगळी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. वाट बघायची वेळ आली की तिला वॉर्ड आठवायचा.

“भेटीची वेळ झाली की सगळ्यांचे डोळे दाराकडे,” ती म्हणाली. “ज्यांचं कुणी येत नसे, त्यांतले लांबचे म्हणायचे, आमच्याकडून बसच नाही हो. बाकीच्यांना ते पटायचं. आपल्यातलं फळ कापून द्यायचे त्यांना. पण एक बाई होती, पलीकडच्या गल्लीतली. वॉर्डाच्या खिडकीतून घर दिसायचं तिचं. ती भेटीच्या वेळेला झोपेचं सोंग घ्यायची.”

“मग?”

“मग काय. मी तिची चादर सारखी करायची. बस आली बघ.”

ठरलं होतं: काचेचा कारखाना.

“आज नको,” आई म्हणाली. “माझं बघून झालं.”

हॉटेलच्या खोलीत दोघं पलंगाच्या दोन कडांना बसले. ढब्बूच्या खिशातला फोन थरथरून थांबला, पुन्हा थरथरला. त्याने घसा खाकरला.

“आई, ते नवं घर तसं लहानच आहे.”

“दोन खोल्या. सूनबाई फोनवर बोलते ते भिंतींनासुद्धा पाठ झालंय.” ती नकाशाच्या घड्या घालत होती. “टेकडीवरची ती पिवळी इमारत होती ना, वृद्धाश्रम आहे तो. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे. मी हो म्हणून आलेय. तलावाजवळची पांढरी इमारतसुद्धा तसलीच. बघायलाच आले होते मी, तुझ्या संग्रहालयाचं मला काय.”

ढब्बूच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो इतका चटकन उतरला याची त्याला लाज वाटली, आणि ती झाकायला तो घाईघाईने बोलत सुटला.

“पण मग टेकडी कशाला? तलावाकडचं कितीतरी बरं. सपाट आहे, पाणी आहे, माणसं बोलकी आहेत. आमच्या दारातून थेट बस. मी दर रविवारी आलो असतो.”

आईने नकाशाची शेवटची घडी घातली आणि वरून तळवा फिरवून ती सारखी केली.

“म्हणूनच तर टेकडी,” ती म्हणाली. “थेट बस असली की झोपेचं सोंग घ्यावं लागतं, ढब्बू.”