मायनस वन

सहावा प्लस वन आला तेव्हा दिगंबर चहात बिस्कीट बुडवत होता. मेल सलिलचा होता, प्रकल्पातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामरचा. "वल्लरीचं काम अप्रतिम. असं कुणी प्रकल्पाला दहा वर्षांतून एकदा मिळतं." बिस्कीट तुटून चहाच्या तळाशी गेलं. एकोणीस वर्षांत सलिलने दिगंबरच्या कोडवर एकच शब्द लिहिला होता, "चालेल."

फाउंडेशनचं ऑफिस म्हणजे सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. जगभरातले लोक मिळून डेटाबेसचं एक सॉफ्टवेअर लिहीत, कुणीही ते फुकट वापरावं म्हणून. आणि त्या सगळ्याचा संसार दिगंबर सांभाळायचा. धर्मादाय आयुक्तांचे फॉर्म, वार्षिक संमेलनाचा हॉल, सॉफ्टवेअरचं नाव चोरणाऱ्यांना नोटिसा. या धबडग्यात त्याचं स्वतःचं कोड लिहिणं कधी सुटलं, ते त्यालाही कळलं नाही. कळलं ते गेल्या आठवड्यात. ज्यांना कोडमध्ये थेट बदल करायचा अधिकार आहे, त्यांची एक यादी असे. दोन वर्षांत एकही बदल केला नाही, तर त्या यादीतून नाव जाईल, हा नियम त्यानेच केला होता. सोमवारी लावायची नवी यादीही त्यालाच करायची होती. वगळायच्या नावांत तिसरं नाव त्याचं स्वतःचं होतं. नव्याने घ्यायचं नाव एकच, वल्लरी. चंद्रपूरहून आलेली, सव्वीस वर्षांची.

मतदान मेलवर, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. होकार म्हणजे प्लस वन, नकार म्हणजे मायनस वन. पन्नास प्लस वन आले तरी ते अडवायला एक मायनस वन पुरे. फक्त त्याला कारण द्यावं लागे, तेही कोडमधलं. नुसतं पोटात दुखतंय हे कारण चालत नसे. चाललं असतं तर दिगंबरने बुधवारीच पाठवून दिलं असतं.

तीन दिवस तो तिच्या कामात खोट शोधत होता. वीज गेल्यावर डेटाबेस पुन्हा उभा राहायला लागणारा वेळ तिने निम्म्यावर आणला होता. हेच काम सहा वर्षांपूर्वी दिगंबरने हाती घेतलं होतं आणि संमेलनाच्या गडबडीत सोडून दिलं होतं. तिने ते ज्या सहजपणे केलं होतं, ते वाचताना त्याचा जळफळाट होत होता. हे मला सुचायला हवं होतं, असं दर दहा ओळींनी वाटायचं.

शनिवारी चार वाजता चूक सापडली. डिस्क भरली असेल तर ते तपासलंच जात नव्हतं. कोड आपलं पुढे लिहीत सुटायचं, नोंदी गेल्या तर गेल्या. दिगंबरने टेबलावर थाप मारली. कित्येक महिन्यांत त्याला इतका आनंद झाला नव्हता.

"मायनस वन," त्याने लिहायला घेतलं. "उमेदवार वल्लरी यांना मूलभूत काळजीचंही भान नाही." आता पुरावा तेवढा जोडायचा होता. कुठली ओळ कुणी लिहिली हे दाखवणारी कमांड त्याने दिली. वर वल्लरी, खाली वल्लरी. मधल्या, न तपासता लिहीत सुटणाऱ्या त्या एका ओळीपुढे दिगंबर, आणि चौदा वर्षांपूर्वीची तारीख.

त्याने कमांड पुन्हा दिली. कॉम्प्युटर आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

वल्लरी दर शनिवारी पलीकडच्या खोलीत बसून काम करायची. तो दारात जाऊन उभा राहिला.

"डिस्क भरल्याचं तपासायचं राहिलंय. पाहिलं होतंस?"

"हो सर. पहिल्याच दिवशी."

"मग दुरुस्त का नाही केलंस?"

ती जरा घुटमळली. "ओळ तुमची आहे ना सर. सोमवारी यादी लागणार. म्हटलं, एक बदल तुमच्या नावावर जाऊ दे. आज सांगणारच होते. नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात निघतेय, दुरुस्ती लोकांपर्यंत जाणार ती तेव्हाच."

'तुझे उपकार नकोत मला,' हे अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. "बरं," एवढंच तो म्हणाला आणि परत फिरला. मुलगी वाईट निघाली असती तर किती बरं झालं असतं. आता तिचा हेवाही धड करता येत नव्हता, आणि सुटतही नव्हता.

मायनस वनचं ते पत्र त्याने पुसलं नाही. पाच वाजायला अजून वेळ होता. शेजारीच स्क्रीनच्या दुसऱ्या खिडकीत त्याने ती जुनी ओळ उघडली आणि तिच्याखाली तीन नव्या लिहिल्या. हाताला वळण राहिलं नव्हतं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. मग अडलं. बदल पाठवायची पद्धत गेल्या वर्षी बदलली होती. ते जाहीर करणारं पत्रक त्यानेच सगळ्यांना पाठवलं होतं, स्वतः वाचलं मात्र नव्हतं. त्याने इथे दाबून पाहिलं, तिथे दाबून पाहिलं. पाचला दहा मिनिटं उरली.

"वल्लरी," शेवटी त्याने हाक मारली, "जरा येतेस का? हल्ली हे पाठवतात कसं?"

ती लगेच आली. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, माउस हातात घेतला आणि थांबली. स्क्रीनवर डावीकडे त्याच्या तीन ओळी होत्या. उजवीकडे ते पत्र होतं.

तिने ते वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत.

"सर," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "यातलं आधी कुठलं पाठवायचं?"