बंद चक्की

सुतारकाम करणारी लेक दीड वर्ष बाबांच्या बंद पडलेल्या जुन्या पाणचक्कीशी झुंजत होती. तिने चाकाच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या, लाकडी दाते एकेक करून तासले, जात्याच्या दगडांना छिन्नीने टाकी लावली. बाबा रोज कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून खुसपटं काढायचे.

आज तिने चक्कीत दाणे ओतून पाण्याच्या पाटाचं दार उचललं. चाक कुरकुरलं, अडलं आणि फिरू लागलं. धडधडाटाने खोली हादरली, तिच्या तळहातावर गरम पीठ पडलं. मूठ भरून ती बाबांना दाखवायला वळली, तर बाबा तोंड उघडं टाकून ढाराढूर! तिचं तोंडच उतरलं.

“अगं, बंद कर ते,” आई तिच्या कानाशी ओरडली. “गोळ्या घेऊनही डोळ्याला डोळा लागत नाही त्यांच्या. आता लागलाय, तर झोपू दे.”

तिने घाईघाईने दार खाली टाकलं. सगळं शांत झालं आणि बाबा दचकून उठले.

“चक्की का थांबली?”

“तुमची झोप मोडू नये म्हणून, बाबा.”

“खुळी का काय तू! बावीस वर्षांपूर्वी ही अशीच थांबली, तेव्हा जो जागा झालो, तो आत्ता कुठे झोपलो होतो. सोड ते पाणी!”